बीडची बाई बघायला

आमच्या घरात दोन चुली होत्या आणि मी दोन्हीकडे जेवत असे. अंगणाच्या या टोकाला आईची चूल, त्या टोकाला काकूची. मधे कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली पाण्याचे दोन रांजण. आईकडे हुलग्याची शेंगोळी असली की काकूकडे नेमकी येसराची आमटी असे, आणि दोघींनाही मनापासून वाटे की पोरगी पलीकडे अर्धपोटी राहते. हा समज मी कधीही दूर केला नाही. बीडकडच्या चौसाळ्याच्या शाळेतून मी चालत घरी येई तेव्हा भूकही दोन घरांना पुरेल एवढी लागलेली असे. गावाच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीची फकफक चाललेली असायची आणि तिच्या मागे, लांब हमरस्त्यावर, चढाला लागलेले ट्रक कण्हत गिअर बदलायचे. आजही कुठे ट्रक चढाला लागला की मला शेंगोळी आठवतात. लोकांना अशा वेळी काहीतरी उदात्त आठवतं, असं मी ऐकून आहे.

घरात कर्ते दोघं. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणे, आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या, म्हणजे काकूचे यजमान. तात्या-काकूला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोन चुलींच्या वाट्याला मी एकटीच आले होते. दसरा झाला की चौघंही ऊस तोडायला कृष्णाकाठी जात आणि मी दादांच्या म्हाताऱ्या आत्याजवळ मागे राही, पाच-सहा महिने. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. आमच्या घरातून दोन कोयते जायचे, कायम एका टोळीत, एका कारखान्याला, उसाच्या फडात शेजारी शेजारी. पुरुषांनी ऊस तोडायचा, बायांनी त्याच्या मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. एवढी जड मोळी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, ती कुणीतरी उचलून द्यावी लागते. आई काकूला देई, काकू मोळी टाकून रिकामी खाली आली की आईला देई. हे सगळं मी ऐकून सांगते आहे. मी फड कधी पाहिला नव्हता.

मी लहान असताना एका हंगामात त्यांच्या फडावर एक म्हातारा चित्रकार येऊ लागला. जवळच्याच गावात त्याचं घर होतं. सायकलवरून यायचा, बांधावर बसायचा, मांडीवर फळी घेऊन चित्रं काढायचा, आणि जाताना टोळीला चहाची किटली ठेवून जायचा. टोळीचा मुकादम पलीकडच्या फडात गेला की तो एकेका बाईला पाच मिनिटं समोर बसायला सांगे. आई बसली होती. काकूही बसली होती. टोळीतल्या बहुतेक साऱ्याच जणी बसल्या होत्या. काढलेलं चित्र मात्र तो कुणालाच दाखवायचा नाही. उन्हाळ्यात सगळे परत आले की आमच्या अंगणात त्याचं नाटक व्हायचं. काकू एक डोळा मिटून, जीभ जराशी बाहेर काढून चित्रकार व्हायची आणि आई पोतं घेतल्यासारखी ताठ बसायची. काकू म्हणायची, आक्का, हसू नका, रंग सांडायलाय. मग आई हसायचीच. या नाटकाचे प्रयोग पुढची सात वर्षं झाले आणि एकदाही कंटाळा आला नाही, कारण काकू दर वर्षी त्यात नवीन काहीतरी घालायची. घालून सांगायची कला मी कुणाकडून उचलली, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी दहावीत गेले त्या वर्षी शाळेच्या वार्ताफलकावर बातम्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर बरं, म्हणून. फलकासाठी आलेल्या शिळ्या वर्तमानपत्रात मला एक लहानशी बातमी सापडली. तो चित्रकार वारला होता, घरच्यांनी त्याच्या राहत्या घराचंच संग्रहालय केलं होतं, साऱ्या घरात एकट्या त्याचीच चित्रं. आणि वरच्या दालनात 'बीडची बाई' नावाचं एक मोठं तैलचित्र आहे, लोक लांबून ते बघायला येतात, असं शेवटच्या ओळीत होतं. फोटो होता तो फक्त घराच्या दाराचा. मी तो कागद कातरून दप्तरात ठेवला आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रयोगाची तयारी झाली होती.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई भाकरी थापत होती. मी चुलीपुढे उभी राहून कागद दोन्ही हातांत धरला आणि बातमी वाचली, आणि बातमी संपल्यावरही वाचत राहिले. चित्रातल्या बाईचं कपाळ रुंद आहे, नाकात फुली आहे, डोळे पाणीदार आहेत, असं वाचलं. आई भाकरी तव्यावर टाकायची विसरली. मग म्हणाली, कपाळ माजंच हाय. त्या संध्याकाळी मला गुळाची पोळी मिळाली, सणावाराशिवाय. दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन मी अंगणाच्या पलीकडे गेले. तिथे वाचताना बाईच्या हनुवटीवर गोंदण आलं, गालाला खळी आली. काकूनं हनुवटीला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. तिथे मला धपाट्यांवर लोणी मिळालं. दोघींनाही मी बजावून सांगितलं होतं की हे आपल्यातच ठेव. पंधरा वर्षांच्या पोरीला याहून मोठं राजकारण काय जमणार. दोन्ही पोटं भरली होती, दोन्ही बाया खूश होत्या, आणि मला त्यात कुणाचं नुकसान दिसत नव्हतं.

आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना काकू आपण होऊन बोलली, की त्या म्हाताऱ्याच्या घरी तिचं चित्र भिंतीला लावलंय. आई म्हणाली, तुजं न्हाई, माजं. पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण दोघी वेगवेगळ्या वाटांनी घरी आल्या आणि काकूच्या बादलीत आईचं अर्धं धुणं होतं, ते तिनं लिंबाखाली आणून ठेवलं, पिळलेलं, घडी घातलेलं. भांडणातसुद्धा घडी घालायची, अशी ती बाई. त्यानंतर बोलणं बंद झालं. लिंबाखाली दोन बाजा एकमेकींना लागून असायच्या, त्या अंगणाच्या दोन कोपऱ्यांत गेल्या. आईला काही सांगायचं असेल तर ती रांजणाकडे बघून बोले, म्हणजे पलीकडे ऐकू जाई. काकूचं उत्तर कोंबड्यांना उद्देशून येई. दादा आणि तात्या संध्याकाळी दोघंच पारावर जाऊन बसत आणि घरात काही विशेष घडलेलं नाही असं दाखवत.

मी खरं का सांगितलं नाही, असं कुणी विचारेल. एक तर दोन्हीकडून मार बसला असता. आणि दुसरं म्हणजे त्याचा उपयोगही राहिला नव्हता. माझ्या कागदाची गरज केव्हाच संपली होती. आईला आता आठवत होतं की त्यानं तिला दोनदा बसवलं होतं. काकूला आठवत होतं की तिचं चित्र काढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माणसाला एकदा आठवायला लागलं की बाकीचं तो स्वतःच आठवून घेतो. माझ्यासारखी गोष्टी सांगणारी माणसं त्यावरच जगतात.

पोळ्याच्या आसपास मुकादम आला. हा टोळी जमवणारा माणूस, आमच्याच भागातला, मोजकं बोलणारा. तो बाजेवर टेकला, एका चुलीवरचा चहा प्याला, मग दुसऱ्या चुलीवरचा चहा वेगळा आला तोही प्याला, आणि काय ते समजला. तो दादांना म्हणाला, "बायका बोलंनात तर म्या एका टोळीत न्हाई घेनार. ट्रकापाशी भांडनं लागली तर बाकीच्यांचा खोळंबा. एक कोयता त्या कारखान्याला, एक ह्या. दसऱ्याच्या आत सांगा." दादा म्हणाले, मग प्रयागला मोळी कोण उचलून देणार. प्रयाग म्हणजे माझी आई. मुकादमानं इकडेतिकडे पाहिलं. मी लिंबाला टेकून भूगोल वाचत होते. तो म्हणाला, "ही काय, पोरगी हाय की. मोटी झाली."

 दादांनी नाही म्हटलं नाही. आमच्या वर्गातल्या काही मुली अशाच गेल्या होत्या, एका दसऱ्याला, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आल्या तेव्हा त्या वर्गात बसण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. दहावीची परीक्षा मार्चात, आणि हंगाम संपणार त्याच्याही पुढे. मी पुस्तकातलं तेच पान वाचत राहिले. नद्यांचं पान होतं, त्यात कृष्णा होती. माझ्याच जिभेनं मला तिच्या काठी नेऊन सोडलं होतं, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं.

भांडण मिटवायचा पहिला उपाय तात्यांनी सुचवला. नारायणगडावर देवापुढे जाऊन दोघींनी शपथ घ्यावी, जी खोटी असेल ती कचरेल. उपाय सरळ होता, पण फसला, कारण दोघीही ताबडतोब तयार झाल्या. काकूनं तर चपला घातल्या. दादा घाबरले. ते तात्यांना म्हणाले, अरे, ह्या दोघीबी शपथ घेतेत, मग त्यातली एक तर खोटी निघनारच, आन् ती आपल्याच घरात ऱ्हानार.  मी अगदी निरागस आवाजात म्हणाले, की चित्र आहे तिथंच जाऊन बघितलं तर. चौघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं आमच्या घराण्यात कुणी चित्र बघायला प्रवास करण्याची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा निघाली.

मागच्या महिन्यात माझ्या मुलानं कुठल्याशा संग्रहालयाला जायचं ठरवलं. चहा पिता पिता फोनवर वेळा बघितल्या, तिकिटं काढली, सुट्टीचा वार बघितला. चहा गरमच होता. आम्हाला त्याला महिना लागला. पहिली अडचण अशी की हे चित्र जिथे होतं तिथेच आमची माणसं दर वर्षी सहा महिने राहत होती. फडापासून ते घर सायकलच्या अंतरावर. पण हंगामात एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा पडतो, आणि खाडा करून चित्र बघायला गेले असं मुकादमाला सांगायची तात्यांचीही हिंमत नव्हती. तेव्हा जवळ असताना बघता येत नव्हतं, म्हणून लांबून जाऊन बघायचं ठरलं. त्यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही.

गाडीचा प्रश्न सलीमचाचांनी सोडवला. हे चौसाळ्याचे फळवाले. डोंगरातली सीताफळं गोळा करून टेम्पोनं कृष्णाकाठच्या व्यापाऱ्याला पोचवायचे. ते म्हणाले, बसा मागं, फक्त सीताफळावर बसू नका. मग सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दादांना बाजूला घेऊन विचारलं, की त्या चित्रात तिसरीच बाई निघाली तर काय. दादा म्हणाले, "सलीमभाई, तसं बोलू नका." हा विचार त्यांनीही केला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

खरी तयारी मात्र कागदांची होती. आमच्याकडे कुठल्याही दारात जायचं तर आपण आपणच आहोत याचा कागद लागतो. रेशनला लागतो, तहसिलीत लागतो, दवाखान्यात लागतो. मग चित्रातली बाई मीच, असं सांगायला जाणाऱ्या बाईला तो लागणार नाही, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आईनं रेशनकार्ड घेतलं, मतदानाचा कागद घेतला, आणि गेवराईच्या फोटोवाल्यानं कधीतरी काढलेला एक फोटो घेतला, ज्यात ती चोरासारखी दिसते. काकूनंही हेच सगळं घेतलं. आणि दोघीही, वेगवेगळ्या वेळी, सरपंचाकडे दाखला मागायला गेल्या. सरपंच भला माणूस. मत असलेल्या माणसाला तो कशालाही नाही म्हणत नसे. ग्रामसेवक रजेवर होते, म्हणून त्यानं मला बोलावून मजकूर सांगितला आणि मी बऱ्या अक्षरात लिहिला. दाखला देण्यात येतो की, सौ. प्रयागबाई ह्या मौजे आमचे गावच्या कायमच्या रहिवासी असून चित्रातील बाई ह्याच आहेत. सदर दाखला त्यांच्या विनंतीवरून दिला असे. खाली सही, गोल शिक्का. दुसऱ्या दिवशी सौ. शेवंताबाईंचा, म्हणजे काकूचा. शब्द तेच, शिक्का तोच, अक्षरही माझंच. मी सरपंचाला विचारलं, दोन्ही कसे खरे असतील. तो शिक्क्यावर फुंकर मारत म्हणाला, "आपुन फकस्त दाखला देतो. चौकशी त्यांनी करावी."

कपड्यांचाही विचार झाला. ओळख पटायची तर त्या वेळी जशा होतो तशाच दिसलं पाहिजे, असं आईच्या मनानं घेतलं. ऊस तोडताना पानांनी हात कापू नयेत म्हणून बाया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. तेव्हा आईनं ठेवणीतली साडी नेसून वर दादांचा सदरा चढवला. अंगणाच्या पलीकडे काकू ठेवणीतली साडी नेसून वर तात्यांचा सदरा घालून बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपापल्या बोचक्यांकडे वळल्या. बोचकीही दोन होती. दोन्हीत धपाटे, दोन्हीत शेंगदाण्याची चटणी. दोन्हीत माझ्या वाट्याचं वेगळं बांधलेलं.

उजाडताच निघालो. टेम्पोत सीताफळांचे खोके, खोक्यांच्या या बाजूला आई, त्या बाजूला काकू, मधे मी. दादा आणि तात्या पुढे सलीमचाचांशेजारी, मोकळ्या हवेत, माझ्या मते ठरवून. येरमाळ्याचा घाट लागला तेव्हा पिकलेल्या सीताफळांचा वास इतका दाटला की बोलायची सोयच राहिली नाही, आणि ते बरंच झालं. बार्शीच्या पुढे आईनं बोचकं सोडलं आणि मला धपाटा दिला. तो संपायच्या आत काकूनं दिला. मी दोन्ही खाल्ले. खाता खाता मी निकालांचा हिशेब मांडत होते. चित्रात आई निघाली तर काकू तुटणार, काकू निघाली तर आई. कुणीही निघालं तरी मी फडात. मीच सुचवलेली सहल होती, आणि सांगोल्यापर्यंत माझ्या लक्षात आलं की तिच्यातून माझी सुटका होईल असा एकही निकाल नाही.

संग्रहालय म्हणजे एक साधं कौलारू घर होतं, पुढे कुंड्या, ओसरीवर बाक. आम्ही सगळ्यांनी पायऱ्यांखाली चपला काढल्या. देखरेखीला चित्रकाराचा भाचा होता, चष्मा लावलेला, सौम्य, दुपारची झोप मोडलेला. त्यानं समोर पाहिलं तेव्हा त्याला काय दिसलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. ठेवणीतल्या साड्यांवर पुरुषी सदरे घातलेल्या दोन बाया, एकमेकींपासून चार हात लांब, आणि दोघींनी एकाच वेळी त्याच्यापुढे धरलेले शिक्क्याचे कागद. त्यानं एक वाचला. दुसरा वाचला. पुन्हा पहिला वाचला. मग चष्मा काढून पुसला. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे. तो म्हणाला, मामांनी कुणाचं नाव लिहून ठेवलेलं नाही. आम्हालाही कळायला हवंच आहे. चला वर.

जिना लाकडी होता. भिंतीवर सगळीकडे चित्रं होती, बैल, बांध, म्हातारे, एका खिडकीचीच पाच-सहा. तात्या प्रत्येकापुढे थांबून हात जोडत होते, कुठलं देवाचं आणि कुठलं नाही याची खात्री नसल्यामुळे. वरच्या दालनात एका पूर्ण भिंतीवर एकच चित्र होतं. आम्ही त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलो.

ट्रकला लावलेली फळी होती. फळीवर मधोमध एक बाई, डोक्यावर मोळी, वर चढत असलेली. पाठमोरी. धुळीनं मळलेला पांढरा सदरा, त्याखाली रंग उडालेल्या साडीचा काठ, उचललेला एक पाय, टाचेच्या भेगा. मोळीची पानं दोन्ही बाजूंनी खाली आली होती आणि त्यांतून मानेचा थोडा भाग दिसत होता. चेहरा नव्हताच. कपाळ, फुली, गोंदण, खळी, मी वाचलेलं काहीच त्या भिंतीवर नव्हतं.  आता कागदाची चौकशी होणार असं मला वाटलं. पण कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

पहिली बोलली काकू. किती दिवसांनी ती आईशी थेट बोलत होती, आणि ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"आक्का, ह्या तर तुमी हाव."

आई म्हणाली, "येडी का खुळी. ही तू हायस."

"माजी मान आशी हाय का? तुमचीच हाय. बगा की, डावीकडं कलती."

"मान कुनाचीबी कलती मोळीखाली. पाय बग. टाच आदी टाकलीय. तुजीच खोड हाय ती, कितींदा म्हनलं असंल, पडचील."

"मला कवा म्हनलात?"

"रोज म्हनायची. तू वर असायची, तुला कुटलं ऐकू जातंय."

त्या दोघी चित्राच्या जवळ जवळ सरकत गेल्या. एक खांद्याकडे बोट दाखवी, दुसरी कमरेकडे. भाच्यानं दोनदा हात पुढे करून अंतर ठेवायला सांगितलं आणि मग सोडून दिलं. महिनाभर ज्या बाया हे चित्र माझंच म्हणून शपथेला निघाल्या होत्या, त्या आता तेवढ्याच हट्टानं ते दुसरीचं असल्याचं पटवत होत्या. दोघींच्या मुठीत दाखले तसेच चुरगळले होते. शेवटी दादांनी विचारलं, की अगं, काल तर तू म्हणत होतीस, मीच हाय म्हणून. आई त्यांच्याकडे वळली. ती शिकवणीच्या मास्तरासारखी सावकाश बोलली.

"म्या माजी पाट कवा बगितली? मोळी हिच्या डोक्यावर दिली का म्या खाली हुबी. वर चडताना मला हीच दिसायची. इतकी वर्सं तेच बगितलंय. मला वळकू यीना व्हय?"

"आन् मला ह्या," काकू म्हणाली.

भाच्यानं वही काढली होती. चित्राखाली नाव लावायची त्याची फार इच्छा होती. तो एकीकडे बघे, दुसरीकडे बघे, पेन टेकवी आणि उचली. दादांना त्यानं विचारलं, ते म्हणाले आम्ही तोडायला वाकलेले असतो, आम्हाला काय दिसणार. तात्यांनी हात जोडले. मग तो माझ्याकडे वळला, शहाणी शाळेत जाणारी मुलगी बघून. म्हणाला, "तू सांग, बाळ. तुझी आई तर तुला ओळखता येईल."

मी चित्राकडे पाहिलं. मला वाटलं होतं की येईल. मी मान पाहिली, टाच पाहिली, सदऱ्यावर उमटलेली पाठीची हाडं पाहिली. अंधारात नुसत्या बांगड्यांच्या आवाजावरून मी आई कुठली आणि काकू कुठली ते सांगितलं असतं. भाकरी थापायच्या लयीवरून सांगितलं असतं. इथं मला काही कळत नव्हतं. ज्या पोरीनं कोऱ्या जागेत डोळे, गोंदण आणि खळी वाचून दाखवली होती, तिला एवढं मोठं चित्र समोर असताना एक शब्द रचता येईना. दालनात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

आईनंच मला सोडवलं. ती काही रागानं बोलली नाही, हवापाणी सांगावं तशी बोलली. "तिला काय इचारता, सायब. तिनं आमाला फडात कवा बगितलंय?"

भाच्यानं वही मिटली. परतीच्या वाटेवर खोके उतरवलेल्या रिकाम्या टेम्पोत दोघी एकाच बाजूला बसल्या आणि भांडत आल्या, टाच कुणाची आणि मान कुणाची. ते भांडण पुढे काकू असेपर्यंत चाललं. चुली दोनच राहिल्या, बाजा पुन्हा लिंबाखाली आल्या. मुकादमाला निरोप गेला की दोन्ही कोयते एकाच टोळीत येतात. मला कुणी काही सांगितलं नाही. आईनं फक्त एकदा म्हटलं की गाईड कुठलं लागतं ते आणून ठेव, आम्ही गेल्यावर आत्याच्यानं होणार नाही.

दसऱ्यानंतर ट्रक आला. दर वर्षी मी त्या वेळी घरात जाऊन बसत असे, कारण निरोपाचे प्रसंग मला आवडत नाहीत, आजही नाहीत. त्या वर्षी मात्र मी बाहेर येऊन उभी राहिले. सामान चढवायला फळी लावली होती. दोघींनी सदरे घातले होते, दोघींच्या डोक्यांवर भांड्याकुंड्यांची बोचकी होती, आणि एकीमागे एक त्या फळीवरून वर चढत होत्या. पुढची कोण आणि मागची कोण, हे मी धुळीत डोळे बारीक करून बघत होते. मग मी आईला हाक मारली. दोघींपैकी कुणीही वळलं नाही. डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही.